जादाचे अकरा नट

मी मुळातच भित्री. पाल चुकचुकली की हातातली वाटी खाली ठेवणारी. त्यामुळे आमच्याकडे तयार गोठा आला तेव्हा बाकीच्यांनी गोठा पाहिला, आणि मी पाहिले ते तो बसवून उरलेले अकरा नट.

लोणी भापकरच्या आमच्या रानातला हा तिसरा गोठा. पहिला सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी बांधला. बाभळीच्या मेढी आणि वर उसाचं पाचट. दुसऱ्याला विटांचे खांब आणि पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड. हा तिसरा इंदापूरहून टेम्पोत सुटा सुटा आला. लोखंडी पाइप, निळे पत्रे, प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगात नंबर. आमच्या ह्यांनी चौरस फुटावर भाव ठरवला होता.

"गोठा काय कापड हाय, मापून घ्यायला?" आबा म्हणाले.

त्या भावापायी दोन दुभत्या गाई विकाव्या लागल्या. सात गाईंच्या गोठ्यात पाचच उरल्या. शेजारीण हसली, मलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दोन दिवसांत गोठा उभा राहिला. आबांनी खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यो बांधला न्हाय, जुळवला." खरंच होतं ते. मेढी हातभर जमिनीत पुरायचे. इथे खांबाच्या बुडाला लोखंडी प्लेट, तिच्यातून वर आलेले चार बोल्ट आणि त्यांवर चार नट. सगळा भार त्यांच्यावर. उरलेले नट फिटरने पिशवीत घालून खुंटीला अडकवले. मी विचारलं तर म्हणाला, "जादाचेच हायती, वहिनी. आमी देतोच."

जादाचे, की लावायचे राहिलेले? ते काही माझ्या डोक्यातून जाईना. आबांची बाज दुपारभर गोठ्यातच असायची, गाईंपाशी पडल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. जरा वारं सुटलं की ते पत्रे आबांच्या अंगावर येताना मला दिसायचे. रोज सकाळी धार काढून झाली की मी नट मोजायची. अकरा. मग कुठे चहा घशाखाली उतरायचा.

चैत्रातल्या एका सकाळी ते चौदा भरले.

मी ते ओट्यावर ओतून पुन्हा मोजले. चौदाच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "व्यायले असतील." आठवड्याने एकोणीस झाले. त्या दिवशी मी पिशवी खुंटीला अडकवली आणि तशीच मागे सरले. कुणी चेष्टा करत असेल असंही मनात आलं, पण चेष्टेपायी कुणी आमचा गोठा खिळखिळा करेल का? मी खांब न् खांब वर बघत फिरले. खाली बघायचं सुचलंच नाही. बुडाला चाऱ्याची कुट्टी पडलेली असायची, गोठ्यात ती असतेच.

त्याच दुपारी हे बारामतीला गेले होते. मोरगावच्या अंगाने आभाळ काळं झालं म्हणून मी आबांना घरात आणायला गेले. आबा बाजेवरून वाकून खांबाच्या बुडाची कुट्टी सारत होते. हातात ट्रॅक्टरचा पाना.

मी दारातूनच ओरडले, "आबा! तुमी?"

ते दचकलेही नाहीत. "पहिलं छप्पर म्या लई घट बांधलं हुतं, पोरी. दुहेरी दोर. वारं आलं, छप्पर उडालं न्हाय, मेढींसकट बैलांवर बसलं. माझ्या हातात इळा हुता, दोर कापंस्तवर दोनी बैल गेलं. वाऱ्याला हवं ते वाऱ्याला द्यावं. वरचं जाईल, खालची ऱ्हातील."

"आबा, ते पाचट हुतं! हा पत्रा हाय, माणूस चिरल!"

एवढ्यात वारं आलंच. पत्रे कडाकडा वाजायला लागले. मोरगावच्या बाजूचे दोन्ही खांब मोकळे होते. कोपऱ्यातला बोटभर उचलला आणि ठाणकन खाली बसला. मी खुंटीवरची पिशवी ओढली, गुडघ्यांवर बसले आणि हाताला लागेल तो नट बोल्टावर फिरवायला लागले. पहिले दोन शेणात पडले, ते चाचपून उचलले. मी मोठ्याने रडत होते, हे आज सांगायला लाज नाही.

आबांनी पाचही गाईंची दावी सोडली. गाई मक्यात पळाल्या. मग ते ओरडले, "भाईर ये, पोरी! सोड त्ये!"

"तुमी आवळल्याबिगर न्हाय येणार!"

ते दाराशी उभे होते, बाहेर, सुरक्षित. वर पत्र्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझ्या भीतीपेक्षा ती कितीतरी जुनी होती. ते आत आले, शेजारी बसले आणि मी नट लावीन तसा पान्याने आवळू लागले. आठही नट आवळून होईपर्यंत दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही.

गोठा राहिला. त्यानंतर आबांनी पाना मला देऊन टाकला, आणि आभाळ आलं की आधी गाईंची दावी सोडायची असं आमचं ठरलं.

गेल्या वर्षी आबा गेले. गोठा धड आहे. मी अजून रोज सकाळी पिशवी ओट्यावर ओतते. अकराच भरतात. आणि एकदा तरी बारा भरावेत, असं वाटून माझा हात तिथेच थांबतो.