ओढ्यापल्याडची लॅटिन

लॅटिन मी रागाने शिकायला घेतली. ज्ञानाची ओढ होती असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खरं ते खरं.

मी भोरला एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची आणि साहेबांनी सांगितलं की पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवायची, हे माझं काम. काही वर्षांपूर्वी असंच वाचताना मी 'प्रिमा फेसी' म्हणाले. प्रथमदर्शनी, असा त्याचा अर्थ. समोरचा नवा ज्युनियर वकील फिसकन हसला. "प्रिमा नाही हो ताई, प्रायमा!" ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं ते पक्षकारही हसले. मी कागद त्याच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "मग तुम्हीच वाचा." पक्षकार गेल्यावर साहेब मला बोलले, पण ते मी ऐकून घेतलं.

माझं दुखणं जुनं होतं. पाचवीला मी हिर्डोशीकडच्या आमच्या वाडीतून भोरच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात धडा वाचायला उभी राहिले आणि 'पानी' म्हणाले. आमच्याकडे पानीच म्हणतात, आणि ते पिऊनच आम्ही मोठे झालो. बाईंनी तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा पानीच आलं. "बस खाली," म्हणाल्या. पुढे वर्षभर डब्याच्या सुट्टीत मुली मला "पानी देऊ का?" विचारत राहिल्या. आता मला 'ण' येतो, नको तिथेसुद्धा येतो. पण चारचौघांत मोठ्याने वाचायचं म्हटलं की कान अजून तापतात, जीभ जड होते, आणि उठून चालू लागावंसं वाटतं.

म्हणून लॅटिन. जी भाषा आज कुणाच्याच घरात बोलत नाहीत, तिच्यात मला कोण अडवणार? एक जुनं व्याकरण मागवलं, मोबाईलवर धडे शोधले आणि 'अग्रिकोला म्हणजे शेतकरी' इथून सुरुवात केली. महिनाभर मी खुशीत होते. मग लक्षात आलं की चुकलं म्हणणारं कुणी नाही तसं बरोबर म्हणणारंही कुणी नाही.

मोबाईलवरचा एक गृहस्थ 'सी' या अक्षराचा कधी 'च' करायचा, कारण तो चर्चमधला उच्चार. दुसरा कायम 'क' म्हणायचा, कारण तो जुन्या रोमचा. तिसरा सगळं इंग्रजीसारखंच रेटायचा. सहा महिने मी पहिल्याच्या मागे गेले, मग दुसरा खरा वाटला म्हणून घोकलेलं सगळं पुन्हा घोकलं. त्याच्या हिशेबाने 'प्रायमा फेसी'सुद्धा चूकच होतं. खरं म्हणजे ते 'प्रीमा फाकिए'. त्या दिवशी चहा उतू गेला तरी मी हसत उभी होते. कोर्टात जाऊन 'फाकिए' म्हणायची हिंमत मात्र झाली नाही. भोरमध्येच राहायचं होतं ना!

सगळ्यात छळलं ते स्वरांवरच्या आडव्या रेघेने. रेघ असेल तर स्वर लांब म्हणायचा, दुप्पट, असं पुस्तक सांगतं. पण कशाच्या दुप्पट? मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ मी बोटांनी ओळखते, जिभेने नाही. एकाच जागी बसून घोकणं मला जमेना. खोलीत गॅसपासून दारापर्यंत आणि दारापासून गॅसपर्यंत मी येरझाऱ्या घालायचे. घरमालकीणबाईंनी एकदा खालून विचारलं, "कसलं पारायण चाललंय?" मी "हो, हो" म्हटलं आणि आवाज आणखी कमी केला. चार वर्षं मी लॅटिन शिकले ती अशी, कुजबुजत.

त्यातच चौथ्या वर्षी एक ऑनलाइन वर्ग सापडला. परदेशातल्या एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी आमच्या दुपारी तो घेत. सात-आठ जण असायचे, प्रत्येकाने आळीपाळीने उतारा वाचायचा. माझी पाळी आली की मी लिहायचे, माइक बिघडलाय. वर्षभर माझा माइक बिघडलेला होता. एका सोमवारी त्यांचं पत्र आलं. अगदी गोड भाषेत लिहिलं होतं की येत्या रविवारी तुम्ही वाचा, नाहीतर तुमची जागा वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी देऊ या. सोबत उतारा होता. साधाच, पुस्तकी. शेतकरी शेतात आहे, मुलगी लांब खेळते आहे, ऊन चढलंय, आणि तो तिला हाक मारतो, "फीलिया, वेनी!" मुली, ये.

तो आठवडा मी नीट जेवले नाही. टाइप करताना चुका झाल्या, आणि ज्युनियरवर विनाकारण खेकसले. त्या बिचाऱ्याला आता तो किस्सा आठवतही नसेल. वर्ग सोडून द्यावा असं रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी उतारा काढून बसायचे. शनिवारी एसटी धरून वाडीला निघाले. भाताची कापणी उरकली होती, नाचणी खुडायची राहिली होती, आई एकटीच होती.

एसटी फाट्यावर सोडते, पुढे अर्धा तास चाल. वाटेत चिटपाखरू नव्हतं. चालता चालता मी उतारा म्हणू लागले आणि चार वर्षांत पहिल्यांदाच आवाज मोकळा सोडला. हाकेची ओळ आली तेव्हा थांबले, छाती भरून घेतली आणि ओरडले, "फीलिया, वेनी!"

ओढ्यापल्याडून आवाज आला, "ओऽऽ! आले, आलेऽ!"

आवाज आईचा होता. दोन मिनिटांत ती वर आली. पदर खोचलेला, हातात विळा, गुडघ्यापर्यंत भिजलेली, धाप लागलेली.

"काय झालं? कुठं लागलं?"

"काही नाही गं. वाचत होते."

"वाचत व्हतीस? मंग हाळी कुनाला दिलीस?"

मी खाली बघितलं. आमच्या वाडीत हाळी ऐकून कुणी गप बसत नाही. कुणाची आहे, काय म्हणतोय, हे कळो न कळो, आधी 'ओ' द्यायची आणि हातातलं टाकून जाऊन बघायचं. भारा घेऊन कुणी घसरलेलं असतं, कुणाला पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला असतो, कधी गोठ्याजवळ बिबट्या असतो. गंमत म्हणून हाळी दिली की लहान पोरंसुद्धा मार खातात. हे मला चालता येण्याआधीपासून ठाऊक होतं. भोरच्या खोलीत कुजबुजता कुजबुजता मी ते विसरून गेले होते.

आई बराच वेळ चिडून होती. दगड चुकवत पुढे चालत राहिली. मी मागून सगळं सांगितलं, परकी भाषा, उद्याचं वाचन, शेतकरी, त्याची मुलगी. घर जवळ आलं तशी ती म्हणाली, "अन् दिलीस ती बी आखूड. म्या जवळ व्हते म्हनून ऐकली. शेवट वढायचा."

'वेनी'च्या शेवटच्या स्वरावर पुस्तकात आडवी रेघ आहे. मी विचारलं, "ओढायचा म्हणजे किती?"

"पल्याडचं मानूस मान वर करंल यवढा."

चार वर्षं मी हेच विचारत होते. मी तिथेच वाटेत उभी राहिले आणि ती, "चल, उन्हात काय हुबी ऱ्हातीस," म्हणाली.

रविवारी दुपारी मी खळ्यावर मोबाईल घेऊन बसले. आमच्याकडे रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. तासभर आवाज करू नकोस असं आईला बजावलं होतं, तशी ती खालच्या रानात नाचणी खुडायला गेली. माझं नाव पुकारलं गेलं. माइक सुरू केला. पहिल्या ओळीलाच बाईंनी थांबवलं. 'अग्रिकोला' म्हणताना मी 'को'वर जोर देत होते, तो 'ग्रि'वर हवा. पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा 'को'. कान तापले. आठ चौकोनांतले आठ चेहरे माझ्याकडे बघत होते आणि माझं बोट लाल बटणापर्यंत गेलं होतं. "आणखी एकदा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज घाईचा नव्हता, आणि त्यांनी मला बस खाली म्हटलं नव्हतं. तिसऱ्यांदा ते बरोबर आलं. मग मी पुढे वाचत गेले, आणि हाकेच्या ओळीला मला मोबाईल दिसेनासाच झाला. मी ओढ्याकडे तोंड करून ओढलं, "फीलिया, वेनीऽऽ!"

खालून लगेच आलं, "ओऽऽ!"

चौकोनांमधले सगळे दचकले. बाईंनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, माझी आई. बाई हसल्या आणि लॅटिनमध्येच म्हणाल्या, तिने ऐकलं.

दिवेलागणीला आई कणसांची पाटी घेऊन वर आली. मी जरा रागानेच विचारलं, "मी वाचतेय हे माहीत होतं ना तुला?"

"व्हय, म्हाईत व्हतं की."

"मग ओ कशाला दिलीस?"

तिने पाटी खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि माझ्याकडे बघितलं. "पोरीनं हाळी दिली," ती म्हणाली, "अन् म्या गप बसू?"