भोवळीच्या शोधात तंजावर

'चक्कर' मला कायम सपक वाटते. चक्र फिरलं, संपलं. पण भोवळ! 'भ्रम्' म्हणजे गरगर फिरणं. भोवरा, भोवताल, भोवळ सगळी त्याचीच भावंडं. तंजावरच्या मराठीत जुनं पुष्कळ टिकलंय, तेव्हा तिथे भोवळच म्हणत असणार, असं मी शब्दवेड्यांच्या ग्रुपवर छातीठोकपणे लिहून बसलो. आता पुरावा आणणं आलं. बायको म्हणाली, "एवढं तिकीट कशाला? गच्चीच्या कठड्यावर चढा, इथंच येईल भोवळ."

चेन्नईहून सकाळची गाडी घ्या, खिडकीची जागा मिळवा. शेवटचा तासभर नुसती भातशेती आणि कालवे. उतरलो मित्राच्या ओळखीच्या कमलाबाईंकडे. निवृत्त शिक्षिका. सून-नातवंडं तमिळच बोलतात, त्यामुळे माझ्याशी मराठी बोलायला मिळणार म्हणून बाई मी यायच्या आधी दोन दिवस खूश होत्या.

आणि मी काय केलं? जेवताना त्या म्हणाल्या, "करंडी द्या." मी म्हणालो, "करंडी तमिळ. पळी म्हणायचं." मग पुढच्या वाक्यातलीही चूक काढली. त्याच्या पुढच्याही. रसम वाढता वाढता बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "प्लीज, टेक सम मोअर राइस." त्यानंतर मराठी बंद. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या देवळात गेलो. तुम्ही सकाळी लवकर जा, दगड तापतो, पायमोजे न्या. मी अकराला गेलो, अनवाणी, नाश्ता न करता. कमलाबाई शेजारी, अजून इंग्रजीतच. शिखर बघायला मान वर केली आणि शिखरच फिरायला लागलं.

"अहो! घेरी आली की? बसा खाली! डोकं खाली घाला!" बाईंनी दंड घट्ट धरला होता.

"घेरी?" मी पुटपुटलो. "भोवळ नाही म्हणत?"

"आधी पाणी प्या. मग चुका काढा."

सावलीत बसून मी माफी मागितली. खरंच लाज वाटत होती. बाई हसल्या नाहीत, पण मराठीत म्हणाल्या, "नातवंडं माझं बोलणं ऐकून हसतात. तुम्ही तरी हसणार नाही असं वाटलं होतं."

घरी आल्यावर ग्रुपवर हार कबूल केली. घेरा घालणं, घेरून टाकणं, त्यातली घेरी, तीही फिरवतेच. मग कमलाबाईंना फोन करून विचारलं, "तुमचं बोलणं लिहून घेऊ का?"

त्या म्हणाल्या, "घ्या. पण मी बोलते तसं."