शकुनाचं दही आणि सुनंदाचं पित्ताशय

सुनंदाचं पित्ताशय दुसऱ्यांदाही आक्रसलेलंच दिसलं आणि माझं डोकं तापलं.

"खरं सांग, काही खाल्लंस?"

"नाय मॅडम. रातीपासून पान्याचा थेंब नाय."

मी खोपोलीत सोनोग्राफी करते. पेशंटला उपाशी बोलावते, कारण तेव्हा पित्ताशय पित्ताने भरून टपोरं दिसतं. आक्रसलं की भिंत जाड वाटते, आतले खडेही नीट कळत नाहीत. तिच्या पोटदुखीसाठी केलेला माझा पहिला रिपोर्ट पाहून सर्जननी ऑपरेशनची गोष्ट काढली होती. सुनंदा रसायनीला एका कॅन्टीनमध्ये रोजंदारीवर. रजा घेतली तर काम जाणार, या धास्तीने ती रडकुंडीला आली होती.

बाहेर बाकावर सासू होती. तिला गाठलं.

"आजी, सकाळी हिला काय दिलंत?"

"काय नाय गं बाय. निघताना जरा दही-साखर, मागल्या खेपेसारखी. मोठ्या कामाला रिकाम्या तोंडानं धाडू व्हय?"

"जरा म्हणजे?"

"वाटीभर. घरच्या म्हशीचं, सायीसकट."

"ते खानं नाय मॅडम," सुनंदा म्हणाली, "तो शकुन हाय."

मी कपाळावर हात मारला. आतड्याला शकुन कळत नाही. साय लहान आतड्यात उतरली की आतडं रक्तात एक हॉर्मोन सोडतं, कोलेसिस्टोकायनिन. नाव लांबलचक, काम सरळ. ते पित्ताशयाला पित्त पिळून द्यायला लावतं, स्वादुपिंडाकडून पाचकरस मागवतं आणि जठराला म्हणतं, तू जरा दमानं घे. घरापासून माझ्यापर्यंत टेंपोने तासभर लागतो. तेवढ्यात सगळं उरकलेलं.

"उद्या दही इथं आणा," मी आजींना म्हटलं. "शकुन तपासणीनंतर."

आजी फुरंगटल्या, पण डबा घेऊन आल्या. उपाशीपोटी पित्ताशय छान भरलेलं, भिंत पातळ, खडा एकही नाही. मला इतका आनंद झाला की मीच दही वाढलं. पाऊण तासाने पुन्हा पाहिलं, तर पित्ताशय निम्म्याहून लहान. म्हणजे कामालाही चोख.

"बगा!" आजी म्हणाल्या. "दही पोटात गेलं, तवाच रिपोर्ट चांगला आला."

मी रिपोर्ट लिहायला घेतला.

सर्जननी ऑपरेशन रद्द केलं. दुखणं आम्लपित्ताचं निघालं. सगळ्यांना वाढून झाल्यावर सुनंदा तीन वाजता जेवायची. आता ती सगळ्यांच्या आधी जेवते.

चूक माझीच होती. मी "खाल्लं का?" विचारत होते आणि ती खरंच बोलत होती. हल्ली मी विचारते, "घरातून निघेपर्यंत तोंडात काय काय गेलं?" त्या एका प्रश्नाने रोज निदान एक पेशंट तरी घरी परत जातो, दुसऱ्या दिवशी उपाशी येण्यासाठी.