शंभर बैठका
गिरगावातल्या आमच्या चाळीमागे तालीम होती. प्लेगाच्या वर्षी वडिलांच्या डोक्याने घेतले की पिळदार पोराला रोग शिवत नाही. झाले, शाळा बंद असूनही मला रोज पहाटे तालमीत पिटाळण्यात येऊ लागले. मी मुळात काडीपहिलवान. तालमीत रोजच्या शंभर बैठका पुऱ्या होत नसत, उरलेल्या घरी गॅलरीत माराव्या लागत.

आठ वर्षांची धाकटी बहीण समोर बसून त्या बोटांवर मोजायची. "दादा, मला पण शिकव ना रे," म्हणून मागे लागायची. "तुला काय कुस्ती खेळायचीय?" म्हणत मी तिला उडवून लावी. आईलाही मुलीच्या जातीला ही थेरं नको होती.

एके दिवशी तालमीत माझ्या पायात खिळा घुसला आणि जांघेत अवधाण आले. जखमेमुळे अशी गाठ येते, हे चाळीतल्या पोराटोरांना ठाऊक. पण त्या दिवसांत जांघेतली गाठ म्हणजे प्लेगच. तपासणीवाले काखा-जांघा चाचपायचे आणि गाठ सापडली की इस्पितळात न्यायचे. आमच्या चाळीतून गेलेले कोणी परतले नव्हते. मला जगायचे होते, आणि त्या भीतीने माझे जेवण सुटले.

तपासणीचा साहेब दारात आला तेव्हा वडिलांनी हात जोडले. "साहेब, आजारी पोर शंभर बैठका मारील काय? बघा तरी."

दुभाष्याने सांगितले. साहेब घड्याळ काढून उभा राहिला. मी कासोटा कसला. चाळिसाव्या बैठकीला जांघेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बहीण मोठ्याने मोजत होती. साठानंतर ती एकदम सत्तर म्हणाली, पुढे एकदम नव्वद. तिने मला वाचवले. शंभर झाल्यावर साहेबाने माझी पाठ थोपटली आणि मला न चाचपताच सोडले.

मग त्याने तिचा हात धरला. तिची नाडी धावत होती. त्या दिवशी कुणाची धावत नव्हती? साहेब काही बोलला.

"हिलाही मारू द्या म्हणतात," दुभाष्या म्हणाला.

तिने परकर खोचला. तिसऱ्या बैठकीला ती कलंडली. उठली, पुन्हा पडली, आणि पाय कसे ठेवायचे म्हणून माझ्याकडे बघू लागली.

"तिला येत नाही हो," वडील गयावया करू लागले, "कधी शिकवलंच नाही." दुभाष्याने ते साहेबाला सांगितले की नाही, कोण जाणे. तिला उचलून नेले. आई जिन्यापर्यंत धावली आणि तिथेच बसली.

माझे अवधाण चार दिवसांत आपोआप उतरले. नवव्या दिवशी इस्पितळातून निरोप आला, मुलगी गेली. नेली तेव्हा तिला ताप नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तिला चार बैठका शिकवायला मला किती वेळ लागला असता, हे मला कोणी विचारू नये.