घरचंच रक्त

"पर्प्युरा," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या दंडावरचे जांभळे डाग बोटानं दाबून पाहिले. मग सोपं करून सांगितलं. रक्तात प्लेटलेट्स नावाचे बारीक कण असतात, रक्त वाहतं त्या जागी जाऊन ते भोक बुजवतात. माझे फार कमी झाले होते, म्हणून हिरड्यांतलं रक्त थांबत नव्हतं.

बाटलीत साठवलेल्या रक्तात हे कण टिकत नाहीत, ताजंच रक्त हवं, असं ते म्हणाले. सावली तालुक्यातल्या आमच्या गावाहून चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, त्या दवाखान्यात मला नवरा, सासूबाई आणि माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घेऊन आले होते. नवऱ्याचं रक्त जुळलं नाही. दोघांचं जुळलं. एक भासरे, दुसरा आमच्याच गावच्या महारवाड्यातला लक्ष्मण. त्याची बायको त्याच दवाखान्यात बाळंत झाली होती. माझं ऐकून तो आपणहून आला.

"त्याचं काऊन? घरचं हाय ना," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी भासऱ्यांना विचारलं, "हिवताप येऊन गेलाय का?"

"मले? कधीच नाई जी."

त्याच पावसाळ्यात ते गोधड्या पांघरून कुडकुडत पडले होते. काढा मीच उकळून दिला होता. नवऱ्यानं मान खाली घातली. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला. मी हात हलवला, तर सासूबाईंनी तो दाबून धरला.

रक्त चढलं, हिरड्या वाहायच्या थांबल्या. घरचं रक्त कसं लागू पडलं, हे सासूबाईंनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. थोड्याच दिवसांत मला हुडहुडी भरली. डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, मग भासऱ्यांचा. दोन्हीत मलेरियाचे जंतू.

"हिला रक्तासोबत हिवताप दिलात तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"माहा ताप त कवाचाच उतरला होता जी," भासरे म्हणाले. लाज नाही, काही नाही. मला त्या माणसाची शिसारी आली, ती आजही आहे.

तापात प्लेटलेट्स पुन्हा घसरल्या. नाकातून धार लागली. डॉक्टरांनी लक्ष्मणला बोलावलं आणि आधी त्याचं बोट टोचलं. यापुढे नुसत्या तोंडच्या शब्दावर कोणाचंच रक्त घेणार नाही, म्हणाले. थेंब स्वच्छ निघाला. तरी सासूबाई आडव्या आल्या.

"सून बाटन ना जी माही!"

मी कापूस ओढून काढला, रक्ताची गुळणी भांड्यात थुंकले.

"बाटू द्या मले," म्हटलं. "त्याचंच द्या."

लक्ष्मणच्या रक्तानं मी जगले, हिवताप गोळ्यांनी गेला. घरी आले तर पाण्यासाठी माझा गडवा वेगळा काढलेला. भासऱ्यांचं ताट मात्र होतं तिथंच, पहिल्या पाटापुढं.

तुमच्या घरी अशी पाळी आली तर रक्त देणाऱ्याचा थेंब आधी तपासून घ्या. सख्खा असला तर त्याचा सगळ्यांआधी तपासा, कारण खोटं बोलायची गरज त्यालाच जास्त पडते.

तो गडवा मी परत मांडणीत ठेवू दिला नाही. लक्ष्मणची बायको लेकराला घेऊन आली की तिला त्यातूनच पाणी देते. ती पिते, मग उरलेलं मी पिते, सासूबाईंच्या समोर.