वहिनीच्या तोंडावरचं हसू

माझी वहिनी हसते तेव्हा आवाज होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. तोंड उघडतं, डोळे बारीक होतात, खांदे गदगदतात, पण आवाज म्हणून नाही. माझं उलटं. मी हसले की आधी एक किंकाळी निघते, मग धापा, आणि शेवटी शिट्टी. लहानपणी आई म्हणायची, कुकर झाला वाटतं.

वहिनी पडदे शिवते. घरातल्या खिडक्यांचे नाही हो, सभागृहांचे. वीस-वीस फूट उंच, काळं जाड कापड, खाली वजनाची पट्टी. बावीस वर्षं एकाच कारखान्यात. कापड इतकं जड की मशीनखाली सरकवायला दोघी लागतात, पण ही एकटी खांद्यावर घेऊन सरकवते आणि शेजारणीला म्हणते, "तू चहा पी गं." अशी बाई.

दादा, म्हणजे तिचा नवरा, माझा भाऊ. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी, पण तोंडाने थोरली. दादा बोलताना अडखळतो. अगदी लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच बसतो. शाळेत बाई त्याला प्रश्न विचारायच्या आणि दोन वर्गांपलीकडून मला बोलावून आणायच्या उत्तराला. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत, सगळीकडे त्याने सुरुवात करायची आणि मी वाक्य पुरं करायचं. मला वाटायचं, केवढे उपकार करते मी त्याच्यावर! पुढे नोकरीही बोलण्याचीच लागली. बसस्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार ते सांगते. अर्धं गाव माझ्या आवाजावर धावतं. लग्न केलं नाही, भावाकडेच राहते.

वहिनी घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात दादा तिला काहीतरी सांगायला गेला. "मला आज दु... दु..." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "दुकानात!" वहिनी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वन्सं, त्यांना कुठे गाडी पकडायचीये?" आणि हातातली टीप घालत बसली, त्याचं वाक्य येईपर्यंत. ते दुकानात नव्हतंच. दुखतंय, असं म्हणायचं होतं त्याला. दाढ दुखत होती. त्यानंतर हा माणूस तिच्याशी बोलायला लागला. रोज संध्याकाळी ती कापडाच्या कडा दुमडायची आणि हा बोलायचा. गिऱ्हाइकांच्या नकला, मालकाचा कंजूषपणा, काय काय. चाळीस वर्षांचं साठलेलं. मला बाहेर ऐकू यायचं, आणि खरं सांगू? मला राग यायचा. माझं काम गेलं होतं.

तर, गेल्या वर्षी वहिनीच्या कारखान्याने एका सभागृहाला नवा पडदा दिला. तिथे एका विनोदवीराचा कार्यक्रम होता, उभ्या उभ्या तासभर बोलून हसवणारा, आणि त्याचं चित्रीकरण होणार होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कारखान्यात फुकट पास वाटले. दादा असल्या गर्दीत येत नाही. मग आम्ही दोघी गेलो, दुसऱ्या रांगेत.

सुरुवातीलाच गंमत झाली. विनोदवीराला पडद्यामागून बाहेर यायची फट सापडेना. पडदा इकडून फुगतोय, तिकडून फुगतोय, आतून हात चाचपडतायत. वहिनीने महिनाभर आधी त्या लोकांना सांगितलं होतं, फट मधोमध ठेवा, बाजूला नको. कोणी ऐकलं नाही. ती इतकी हसली, इतकी हसली, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. मग तो आला, आणि तिने पिशवी खाली ठेवली.

अर्ध्या तासाने त्याने अडखळणाऱ्या माणसाचा किस्सा सुरू केला. घराला आग लागते, हा माणूस बंबवाल्यांना फोन करतो. "आ... आ... आ..." पलीकडचा म्हणतो, "वा, सूर छान लागलाय, पण पत्ता?"

सभागृह गप्प. लोकांना कळेना हसावं की नाही. वहिनी शेजारी दगडासारखी बसलेली. आणि मी हसले.

का हसले? आता हजार वेळा विचारलंय स्वतःला. दुष्टपणा नव्हता. तो आवाज, ते तोंड वाकडं करणं, ते ताटकळणं, सगळं हुबेहूब होतं, आणि आयुष्यभर मी ते गंभीर चेहऱ्याने निभावलं होतं. कोणीतरी बांध फोडला आणि मी वाहून गेले. किंकाळी, धापा, शिट्टी. मी खुर्चीत वाकले, डोकं गुडघ्यांत. माझं ऐकून मागची रांग हसली, मग सगळं सभागृह. वहिनीने घरी येताना एवढंच म्हटलं, "ह्यांना हा किस्सा सांगू नका हं."

दोन महिन्यांनी तो किस्सा तुकडा होऊन मोबाइलवर फिरायला लागला. आणि त्यात "पण पत्ता?" म्हटल्याबरोबर दिसतो वहिनीचा चेहरा. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदतायत.

दादाला तो दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीने दाखवला. "दादा, या तुमच्या मिसेस ना? काय गोड हसतायत!" बिचारीला काय कल्पना.

त्या दिवशी दादा घरी आला आणि बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चष्म्याचे नंबर लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांचा गठ्ठाच घेऊन आला. "चहा नको." "उद्या लवकर जायचंय." "दूध संपलंय." वहिनीलाही चिठ्ठी, मलाही चिठ्ठी. भांडण नाही, आदळआपट नाही. कानात इयरफोन घालून तो तुकडा परत परत लावायचा आणि डोळे मिटून बसायचा. मला वाटलं, बायकोचा तो चेहरा बघवत नसेल.

वहिनीने आधी समजावलं. "अहो, ते पडद्याच्या वेळचं आहे. बघा ना, मांडीवर पिशवी दिसतेय. त्यांनी इकडचं तिकडे चिकटवलंय." दादाने चिठ्ठी लिहिली: "ठीक आहे." मग ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही शेजारी होता. सांगा ना ह्यांना."

आणि मी, गावाला रस्ता सांगणारी बाई, म्हणाले, "मी स्टेजकडे बघत होते. मला काय माहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मूग गिळून भांडी विसळायला लागले.

बाहेर वेगळाच तमाशा. भाजीवाली म्हणायची, "त्या हसणाऱ्या बाई ना तुम्ही?" कारखान्याच्या मालकाने तर तो तुकडा सगळ्यांना पाठवला, आमच्या पडद्याची जाहिरात झाली म्हणून. लोक तिला थांबवून म्हणायचे, एकदा हसून दाखवा की! ती मान खाली घालून निघून यायची. घरात मात्र तिने बोलण्याचा सपाटा लावला. सकाळपासून दादाच्या मागे मागे. आज मशीनचा पट्टा तुटला, आज कापड आखूड आलं, आज अमकी आजारी. उत्तरासाठी थांबायची, पूर्वीसारखी, टीप घालत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चिठ्ठीसुद्धा यायची नाही. सव्वा महिन्यात तिचा दंड माझ्या मनगटाएवढा झाला. एका रविवारी सकाळी दादाने "मीठ जास्त" अशी चिठ्ठी सरकवली आणि ही ओट्याला टेकून खालीच बसली. "शिव्या द्या मला. पण तोंडाने द्या हो. एक तरी द्या." दादाचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. आणि तो उठून बाहेर गेला.

मी दारात उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. जीभ टाळूला चिकटली होती माझी, आणि लोक अडखळतो म्हणतात ते दादाला.

दुसऱ्याच दिवशी वहिनीने अर्धी रजा टाकली आणि त्या चित्रीकरणाची जोडणी करणाऱ्या माणसाचा पत्ता काढला. मला म्हणाली, "चला." नाही म्हणायला तोंड नव्हतं. बॅटरीच्या दुकानावर तिसरा मजला, बंद खिडक्या, संगणकाचे दोन पडदे, आणि एक दाढी वाढलेला थकलेला माणूस. वाईट नव्हता तो. म्हणाला, "काकू, आता ते काढता येत नाही, माझ्या हातून गेलं. पण तुम्ही म्हणता तर मूळचं दाखवतो."

त्याने चार कॅमेऱ्यांचं चित्र चार चौकोनांत लावलं. "बघा, या किस्स्यावर सगळे गप्प होते. मग ही एक बाई हसली. ऐका." आणि खोलीभर माझा आवाज. किंकाळी, धापा, शिट्टी. "सोनं आहे हे हसणं! हिच्यामुळे हॉल सुटला. पण ही नेमकी खाली वाकली, चेहराच नाही मिळाला. आवाज आहे आणि तोंड नाही. मग शेजारच्या बाईचं तोंड घेतलं सुरुवातीचं. तुमचं. असं करतातच काकू, सगळीकडे करतात."

चौकोनात वहिनी बसलेली दिसत होती. तोंडावर रेघ हललेली नाही. आणि शेजारी माझी पाठ, गदगदा हलणारी. माझी ती निळी शाल.

त्या माणसाने एकदा माझ्या शालीकडे पाहिलं. तीच होती. मग तो उगाच माऊस पुसायला लागला.

वहिनी म्हणाली, "एवढं दहा सेकंदांचं मला मोबाइलमध्ये द्याल?" दिलं त्याने. जिन्यात मी म्हटलं, "वहिनी..." ती म्हणाली, "बस चुकेल."

आता सुटली बिचारी, मी धरून चालले. घरी जाईल, दाखवेल, आणि माझं बिंग फुटेल. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. चिठ्ठ्या चालूच. वहिनी तशीच त्याच्यासमोर टिपा घालत बसलेली, मोबाइल शेजारी पालथा. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मीच तिच्यावर खेकसले, चोर तो चोर! "दाखवत का नाहीस एकदाचं? मला टांगून ठेवायला मजा येते का तुला?"

तिने दोरा दाताने तोडला. "ह्यांना जगात दोनच माणसं आहेत, वन्सं. एक तर गेलंच. ते परत मिळवायला दुसरं घालवू?"

"पण तू मरशील अशाने!"

"मग तुम्ही बोला," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना बोलता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्यूटी सोडून दादाच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत तो काच घासत होता. यंत्र चालू, पाण्याची बारीक धार. मी म्हटलं, "दादा, ती हसली नव्हती. ते आधीचं हसू आहे, पडद्याचं. मी बघितलंय. तेव्हाच बघितलं होतं. मी खोटं बोलले."

त्याने यंत्र बंद केलं. काच पुसून बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं, आणि दीड महिन्यानंतर त्याचं तोंड उघडलं.

"मला वा... वाटलं, दो... दोघी." मी थांबले. तोंडातल्या तोंडात शब्द गोळा झाले होते, पण थांबले. "तोंड ति... तिचं होतं. आणि आ... आ..."

तोच सूर. तेच "आ". पलीकडच्या माणसाला गाणं वाटलं होतं ते.

"आवाज," तो म्हणाला. आणि मग गप्प झाला.

अडखळला नव्हता. त्याच्या गळ्याची शीर ताठ नव्हती, ओठ शांत होते. तो थांबला होता, माझ्यासाठी. मी पुढचा शब्द बोलावा म्हणून. तेव्हा मला कळलं तो डोळे मिटून का बसायचा. पहिल्या दिवशीच त्याने ओळखलं होतं. ज्या आवाजाने त्याची सगळी वाक्यं पुरी केली, तो आवाज हा माणूस ओळखणार नाही?

"माझा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि यंत्र चालू केलं.

त्याला आता सहा महिने झाले. दादा वहिनीशी बोलतो. पूर्वीइतकं नाही, पण बोलतो. तिचा दंड अजून भरला नाही, पण संध्याकाळी टिपा घालताना मधूनच तिचे खांदे गदगदताना दिसतात. मी आत गेले की दोघं थांबतात. वहिनी म्हणते, "या ना वन्सं, बसा." दादा खिशातून चिठ्ठी काढतो.

काल ड्यूटीवरून आले तर घरात कोणी नव्हतं. टेबलावर ताट झाकलेलं, त्याखाली चिठ्ठी. "जेवण ठेवलंय. आम्ही बाहेर गेलोय. तुझं तू वाढून घे."

मी ती मोठ्याने वाचली, स्टँडवर वाचते तशी. मग परत एकदा वाचली, कुठे काही अपुरं राहिलंय का बघायला. सगळी वाक्यं पुरी होती.