ज्युदितचं राखून ठेवलेलं वाक्य

ज्युदित रुव्हियेर तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये जायची आणि गालात एक वाळलेलं चेस्टनट धरून बसायची. ओठ हलताना दिसायचे, पण प्रार्थनेचा एक शब्दही तोंडातून निघायचा नाही. घरी आली की ते थुंकायची, चूळ भरायची आणि चुलीसमोर गुडघे टेकून देवाची माफी मागायची. कोंबरोंद गावातली निम्मी घरं हेच करत होती. राजाच्या दप्तरी आम्ही सगळे कॅथलिक, घरात कोण काय होतं ते विचारू नका.

ती कॅथलिक झाली त्याची गोष्ट अशी. राजाचे घोडेस्वार गावात आले आणि ह्युगेनॉटांच्या, म्हणजे आम्हा प्रोटेस्टंटांच्या, घराघरात उतरले. ज्युदितच्या घरात सहा जण घुसले. त्यांनी डुकरं खाल्ली, लोकर जाळली, तिचा नवरा दाव्हिद डोळा मिटू लागला की कानाशी पातेली बडवली. तो चौथ्या दिवशी लटपटला आणि त्याने धर्म बदलल्याच्या कागदावर सही ठोकली. ज्युदित बधेना. मग त्यांनी तिला पलंगाच्या खांबाला बांधलं आणि तिचं अंगावरचं पोर, इझाक, समोर जमिनीवर ठेवलं. पोर भुकेने किंचाळत होतं, तिच्या पोलक्यातून दूध गळत होतं आणि सैनिक पत्ते खेळत होते. दुसऱ्या दिवशी पोराचा आवाज बसला, तेव्हा ती म्हणाली, "लिहा. मी तुमच्या धर्मात आले."

बस, एवढंच. पण त्या दिवसापासून तिने मनाशी एक वाक्य राखून ठेवलं. मरताना पाद्री येईल, तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणायचं: 'मी माझ्याच धर्मात मरते. तेव्हा बोलले ते खोटं होतं.' नवऱ्याला तिने हे सांगितलं होतं, शेजारच्या काथरीनला सांगितलं होतं, आणि इझाक मोठा झाल्यावर त्यालाही. दाव्हिद वारला तो मुकाट्याने पाद्र्याचा प्रसाद घेऊन. त्याबद्दल तिने त्याला कधी माफ केलं नाही.

आता असं वाक्य बोलण्याची किंमत काय, ते गावाने पाहिलेलं होतं. पिंपं बनवणाऱ्या म्हाताऱ्या एलीने मरताना प्रसाद नाकारला. त्याचं उघडं प्रेत लाकडी चौकटीवर पालथं बांधून घोड्यामागून गल्लीगल्लीत फरफटवलं आणि मेलेली खेचरं टाकतात त्या खड्ड्यात फेकलं. कुणी पुरू नये म्हणून वर पहारा बसवला. घर, चेस्टनटची झाडं, सगळं सरकारजमा झालं. त्याच्या सुना अजून दारोदार फिरतात.

त्या मार्चमध्ये ज्युदितच्या छातीत पाणी झालं. ती उठेना, तेव्हा इझाक पलंगाशी येऊन बसला.

"आई, उद्या पाद्रीबाबा येतील. गप्प राहशील ना?"

"तीस वर्षं गप्पच आहे की रे."

"तू सुटशील गं. आम्ही कुठं जायचं? मार्गो पोटुशी आहे."

"तुझ्यापायी मी एकदा देवाशी खोटं बोलले, इझाक. आता पुन्हा नाही."

"एकदा बोललीस ना? मग आणखी एकदा बोलायला काय जातं तुझं?"

ज्युदितने भिंतीकडे तोंड फिरवलं. चुलीपाशी सून मार्गो पुटपुटली, "सासूबाईंना स्वर्ग पाहिजे. आमच्या नशिबी रस्ता आला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाद्री आला. इझाकने आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आधार दिल्यासारखा हात हनुवटीखाली होता, पण बोटं गळ्यावर घट्ट रोवलेली.

"वाचा गेलीय तिची, पाद्रीबाबा," तो म्हणाला. "पण प्रसाद हवाय म्हणून सकाळीच खूण केली."

ज्युदितने सगळं ऐकलं. तिने जोर करून मान हलवली. पाद्र्याला तो होकार वाटला, किंवा त्याने तो होकार समजायचं ठरवलं. इझाकने बोटांनी तिचा जबडा उघडला आणि पाद्र्याने पातळ पावाचा तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तो मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी उघडायला वळला, तोच तिने तुकडा थुंकला. तो गोधडीवर पडला. तिने श्वास घेतला. आता ती बोलणार होती.

इझाकने एक हात तिच्या तोंडावर दाबला, दुसऱ्या हाताने तो ओला तुकडा उचलला आणि स्वतःच गिळून टाकला.

"काय झालं?" पाद्र्याने वळून विचारलं.

"उचकी लागली तिला."

तिने लेकाच्या तळव्यात दात रुतवले. रक्त आलं, पण तो हात सोडेना. पाद्री तिच्या कपाळाला, हातापायांना सावकाश तेल लावत होता. तिचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले पाहून तो म्हणाला, "बघ, किती भक्तिभावाने बघतेय माउली." मार्गो मेणबत्ती धरून उभी होती, तिने मान खाली घातली. पाद्री दाराबाहेर गेल्यावर इझाकने हात काढला. ज्युदित मेलेली होती.

तिच्यासाठी घंटा वाजली. मेणबत्त्या, वेदीजवळची जागा, पाद्र्याचं भाषण, सगळं झोकात झालं. उशिरा का होईना, हिने मनापासून खरा धर्म धरला, असं त्याने भर चर्चमध्ये सांगितलं. मागे बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दफनानंतर एकीनेही इझाकचा हात हातात घेतला नाही. काथरीन तेवढी त्याच्याजवळ आली, आणि कबरीवर थुंकली.

"सगळं गाव विकलं गेलं तरी ही टिकेल म्हणायचे मी," ती म्हणाली. "मला शब्द दिला होता रे हिने. बोलली का काही? शेवटी एक तरी शब्द?"

इझाकने पट्टी बांधलेला हात कोटात घातला. पाद्री हाकेच्या अंतरावर उभा होता.

"नाही मावशी," तो म्हणाला. "भ्याली ती."